बेस गिटार: नवीन घेण्याआधी हातातली नीट लावा

चारतारी, पुणे

मंडळी,

भावगीतं, अभंग, जुनी हिंदी गाणी करणाऱ्या हौशी ग्रुपमध्ये आता बेस गिटार बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि हे फार चांगलं झालं. पण या विषयावर प्रश्न येतो तो बहुतेक वेळा "कुठली घेऊ?" एवढाच. माझं मत असं की ज्याच्याकडे यामाहा टीआरबीएक्स174, स्क्वायर अ‍ॅफिनिटी, कॉर्ट अ‍ॅक्शन किंवा आयबानेझ जीएसआर या पट्टीतलं काहीही आहे, त्याने इतक्यात नवीन गिटारचा विचार करू नये. तोच पैसा चांगल्या तारा, व्यवस्थित सेटअप आणि स्वतःचा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) यांत घालावा.

लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्यात 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), चार तारा, बोल्टने जोडलेला नेक (गिटारची दांडी) हे सगळं होतं. 1957 साली त्याचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग) दोन तुकड्यांचा झाला, 1960 साली जॅझ बेस आला. आज तुमच्या हातात जी स्वस्तातली गिटार आहे ती याच दोघांपैकी एकाची किंवा दोघांची मिळून आहे. रचना तीच. स्वस्त गिटारमध्ये कमी पडतं ते शेवटचं हातकाम, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला घरी करता येतं.

सामान फार लागत नाही. अचूक बसणारी अ‍ॅलन की (काही गिटारना मिलिमीटरची लागते, काहींना इंचाची, सैल बसणारी वापरली तर ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचा, नट झिजतो आणि मग काम खर्चाचं होतं), छोटा स्क्रू ड्रायव्हर, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ट्यूनर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). मोटरसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तेच फिलर गेज, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी असते. आधी ज्या तारा कायम वापरणार त्याच चढवून सुरात लावा. मग नेक बघा. जाड तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची. ती तार आता सरळ पट्टीचं काम करते. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.3 मिलिमीटर फट हवी. यालाच रिलीफ म्हणतात. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने कसायचा, अजिबात नसेल तर उलट सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. नंतर पुन्हा सुरात लावून थोडा वेळ थांबा, लाकूड सावकाश हलतं. जोर लावावा लागला तर तिथेच थांबून कारागिराकडे न्या.

नेक जमला की मगच तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली 2.4 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करा. ज्याचा हात जड आहे त्याला थोडी वर लागेल. "जितकी खाली तितकी चांगली" हे बेसच्या बाबतीत मला पटत नाही. तारेला हलायला जागा मिळाली नाही तर सूर गोल येत नाही.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेला सूर खरा येतो का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता फक्त बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार जिथे टेकते तो सरकणारा तुकडा) मागे न्या, उतरलेला असेल तर नेकच्या दिशेने पुढे. जुन्या तारांवर हे काम करण्यात अर्थ नाही, मळलेली तार सारख्या जाडीची राहत नाही.

एवढं करून गिटार पुन्हा हातात घ्या आणि मग सांगा, नवीन हवी का.

गुहागरकर

उपयुक्त धागा. माझी अडचण अशी: उन्हाळ्यात सेटअप करून घेतला, गिटार सुरेख वाजत होती. पाऊस धरल्यापासून जाड तारेवर पहिल्या चार-पाच फ्रेटना खडखड येते. बाराव्याच्या पुढे एकदम स्वच्छ. एकाने सांगितलं फ्रेट घासून घ्या. घ्यावेत का?

चारतारी, पुणे

मुळीच घासू नका. खडखड कुठे येते त्यावरून दुखणं कळतं. फक्त खालच्या चार-पाच फ्रेटवर आणि वर स्वच्छ, म्हणजे नेक गरजेपेक्षा सरळ झालाय किंवा मागे गेलाय. कोकणात पावसाळी हवेत फिंगरबोर्डचं लाकूड ओलावा पितं, फुगतं, आणि नेक हलतो. ट्रस रॉड थोडा सैल करा, पाव फेऱ्यापेक्षाही कमी, पुन्हा सुरात लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की पुन्हा तपासायचं. कोकणात राहून बेस वाजवायचा तर हे काम स्वतःला यायलाच हवं.

उलट, बाराव्याच्या पुढेच खडखड असेल तर सॅडल फार खाली आहे किंवा नेकला पोक जास्त आलाय. एकाच फ्रेटवर असेल तर तो फ्रेट उचललाय. फक्त मोकळी तार खडखडते, दाबली की नाही, तर नटची (नेकच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची) खाच खोल गेली आहे. शेवटच्या दोन्हींसाठी चांगला कारागीर शोधा. फ्रेट घासणं हा शेवटचा उपाय, गेलेला धातू परत येत नाही.

आणि गंजाचं बघा. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून कोरड्या सुती कापडाने पुसायची. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळा संपेपर्यंत त्या बदलत राहा.

एडिसनहून

आमच्याकडे नेमकं उलटं. हिवाळ्यात घरात हीटिंग सुरू झालं की हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात, हाताला टोचतात. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर ठेवली की त्रास कमी होतो. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या तालमी नेमक्या हवा बदलतानाच असतात, त्यामुळे नेक तपासून मगच तालमीला जायचं.

सुट्टीत भारतात येताना अमेरिकेतला अ‍ॅम्प घेऊन येणाऱ्यांनी मागचं लेबल वाचावं. इथला वीजपुरवठा 120 व्होल्टचा, तिकडे 230. काही अ‍ॅम्पना मागे बदलाचं बटण असतं, काही 100 ते 240 आपोआप घेतात, आणि काही फक्त 120 चे असतात. तिसऱ्या प्रकारचा अ‍ॅम्प भिंतीतल्या सॉकेटला थेट लावला तर जळतो.

डग्गावाला

मी तबला आणि ढोलकी वाजवतो. बेसवाल्यांना एक कळकळीची विनंती. डग्गा आणि बेस एकाच खालच्या पट्ट्यात बोलतात. आम्ही घिस्सा घेतो, डग्गा दाबून सूर वर-खाली करतो, तेव्हा खाली बेसची सलग पळापळ चालू असली की काहीच ऐकू येत नाही, ना आमचं ना तुमचं.

केरवा घ्या: धा गे ना ती, न क धिं न. यात डग्ग्याची आस (घुमणारा नाद) कुठे आहे? धा, गे आणि धिंवर. ना-ती-न-क या भागात डग्गा मोकळा वाजतच नाही. तुम्ही पहिल्या मात्रेला सूर धरा, तिसरीला सोडा, आणि सातव्या मात्रेच्या धिंवर परत या. बघा ठेका कसा उचलला जातो. खालीला (तालातल्या डग्गा बंद असलेल्या भागाला) थांबणं हेही वाजवणंच आहे. रूपकात तर समच खाली, पहिल्या तीन मात्रांना हात आवरा आणि चौथीच्या धिंवर या.

चारतारी, पुणे

डग्गावाले, तुमचं म्हणणं माझ्या पहिल्या लेखातच असायला हवं होतं. मी यात एवढंच जोडतो की सूर कधी सुरू होतो याइतकंच तो कधी संपतो हे बेसमध्ये ऐकू येतं. सूर थांबवायला डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण न उचलता फक्त दाब सोडायचा. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर टेकलेला ठेवायचा, म्हणजे न वाजवलेल्या तारा गुणगुणत नाहीत. इलेक्ट्रॉनिक तबल्यावर केरवा संथ लयीत लावा आणि एकाच सुरावर फक्त लांबी बदलत राहा: दोन मात्रा, एक मात्रा, अर्धी. कंटाळवाणं वाटतं, पण दुसऱ्या कुठल्याही रियाजाने हात इतका सुधारत नाही.

पेटीवाली

मी संवादिनी वाजवते आणि आमच्या ग्रुपच्या बेसवादकाला पट्ट्या समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून लिहिते. गायक "काळी एक" म्हणाला की बेसवाले मोबाइल काढून शोधायला लागतात. काळी एक म्हणजे सी शार्प. ए तारेवर (जाड तारेच्या शेजारच्या तारेवर) चौथा फ्रेट. आणि गंमत अशी की खालचा पंचम त्याच फ्रेटवर, शेजारच्या जाड तारेवर असतो. मध्यम त्याच फ्रेटवर शेजारच्या बारीक तारेवर. वरचा षड्ज एक तार सोडून पुढच्या तारेवर, दोन फ्रेट पुढे. बेसच्या तारा चौथ्या सुराच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे हे कुठल्याही पट्टीत तसंच राहतं. बायकांची काळी चार असेल तर षड्ज जाड तारेवर चौथ्या फ्रेटला, काळी पाच असेल तर ए तारेवर पहिल्याला.

आता माझी तक्रार. बेस शिकवणारे पहिल्याच दिवशी "मूळ सूर आणि पाचवा" शिकवतात आणि मग विद्यार्थी प्रत्येक गाण्यात सा-प, सा-प करत सुटतो. मालकंसात पंचम नाही! मालकंसातला अभंग चालू असताना खालून पंचम आला की गायकाचा चेहरा बघवत नाही. तिथे तंबोरासुद्धा मध्यमावर लावतात, तुम्हीही सा-म धरा. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावरही ठाण मांडायचं नसतं, तिथे बेसने फारच जपून राहावं. भूपात मात्र पंचम खुशाल घ्या. गाण्याआधी पेटीवाल्याला एवढंच विचारा, "पंचम आहे का?"

फ्लॅटवाउंड

पेटीवाली ताई, "पंचम आहे का" हे मी आता केसच्या आत लिहून ठेवतोय.

तारांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. दुकानातून येणाऱ्या गिटारला राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या) तारा असतात, चकचकीत आवाजाच्या. भावगीत आणि अभंगाला मला फ्लॅटवाउंडच (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) आवडतात: बोट सरकल्याचा आवाज नाही, सूर गोल आणि लवकर विझणारा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन 1962 च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड लावून वाजवायचा, उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजही असायचा. तुम्हीसुद्धा ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवून बघा, खर्च शून्य.

फ्लॅट महाग असतात, पण फार टिकतात. ताण बहुधा जास्त असतो, त्यामुळे बदलल्यावर चारतारींनी सांगितलेला सगळा क्रम पुन्हा करावा लागतो. आणि कृपा करून पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवू नका, तो आवाज आपल्या गाण्यांचा नाही.

चारतारी, पुणे

पिकच्या बाबतीत असहमत. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य रेकॉर्डिंगवर वाजवणारी कॅरल के पिकनेच वाजवायची, आणि तारांचा नाद दाबून. स्पंज लावून पिकने वाजवलेला बेस सत्तरच्या दशकातल्या हिंदी गाण्यांना फार शोभतो. पंचमदांच्या वादकवृंदातले टोनी वाझ कान देऊन ऐका. बेसची ओळ गाण्याच्या मागे न राहता गाण्याशी बोलते. जवळच्या काळात कीथ पीटर्स यांनी रहमानसाठी वाजवलेलं ऐका, आणि मुंबईच्या मोहिनी डेचं कोणतंही. तिघांचा हात वेगळा, तिघांकडून घेण्यासारखं वेगळं. बोटं की पिक हे गाणं ठरवेल.

मिक्सरमागून

साउंडवाल्याचे दोन शब्द.

पहिलं, बेससाठी लीड गिटारचा छोटा अ‍ॅम्प मोठ्याने वापरू नका. बेसची जाड तार मोकळी 41 हर्ट्झवर वाजते, तो स्पीकर त्यासाठी केलेला नसतो, त्याचा पडदा (कोन) फाटतो. तबला-पेटीच्या कार्यक्रमाला मोठा अ‍ॅम्प लागतच नाही. छोटा बेस कॉम्बो स्वतःला ऐकायला जवळ ठेवा आणि डीआयमधून आम्हाला लाइन द्या. पूर्ण ड्रमसेट असेल आणि अ‍ॅम्पवरच भागवायचं असेल, तर 200-300 वॉटचा विचार करा. डीआय वादकाच्या पायाशी हवा. पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) गिटारचा सिग्नल लांब साध्या केबलने मिक्सरपर्यंत आणला की वरचा आवाज वाटेतच जातो आणि गुणगुण वाढते. अ‍ॅक्टिव्ह (वीज लागणारा) डीआय असेल तर आधी सांगा, आम्ही 48 व्होल्टचा फँटम, म्हणजे मिक्सरमधून केबलने जाणारा पुरवठा, चालू करू.

दुसरं, बेसची खालची पट्टी वाढवायची सवय सोडा. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज भरदार वाटतो, हॉलमध्ये त्याचा चिखल होतो. 200-300 हर्ट्झच्या आसपास थोडं कमी, 700-800 च्या आसपास थोडं जास्त, म्हणजे सूर कोणता ते कळतं. तुमचं रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून "बेस आलाच नाही" म्हणू नका. त्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत, हेडफोन लावा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे वाचून कुणी विसरू नये. मंडपात, जनरेटरवर, जुन्या सभागृहात अर्थिंगची खात्री नसते. बेसच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. तुमचा अ‍ॅम्प एका बोर्डवर, आमचा मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, अर्थिंगमध्ये दोष, आणि तुम्ही तारांना हात लावून माइकला ओठ टेकवलात की करंट अंगातून जातो. माणसं दगावतात यात. स्टेजवरची सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड मागा, कार्यक्रमाआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. त्यासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलचा ग्राउंड तोडतं.

गुहागरकर

ट्रस रॉड पाव फेऱ्याहून कमी सैल केला, दुसऱ्या दिवशी पाहिलं, खडखड गेली. धन्यवाद. आता गुणगुणीचं विचारतो: माझी जॅझ बेससारखी आहे, एक पिकअप बंद केला की गूं असा आवाज येतो, दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की जातो. वायरिंगमध्ये दोष आहे का?

मिक्सरमागून

दोष नाही. दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही सारखे उघडे असले की एकमेकांची गुणगुण खातात. स्टेजवर दोन्ही पूर्ण ठेवा, नाहीतर एलईडी दिव्यांच्या डिमरपासून लांब उभे राहा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते हे नेहमीचंच. हात लावल्यावर वाढत असेल तर मात्र वायरिंग दाखवा.

नगरचे पालक

मुलगी दहा वर्षांची आहे, शाळेच्या बँडमध्ये बेस वाजवायचा म्हणते. हात छोटे आहेत. थांबावं का?

चारतारी, पुणे

थांबू नका, शॉर्ट स्केल घ्या. नेहमीचं स्केल 34 इंच, शॉर्ट स्केल 30, आणि आयबानेझची मिक्रो तर 28.6 इंची आहे. फेंडरने 1966 मध्ये मस्टँग बेस 30 इंची केला आणि मोठी माणसंही तो आवडीने वाजवतात, त्यामुळे मुलांचं खेळणं म्हणून त्याकडे बघू नका. घेताना तिला दुकानात नेऊन पट्टा लावून उभं करा. सोडल्यावर नेक खाली पडत असेल तर ती गिटार नको. सगळा वेळ डावा हात नेक उचलण्यातच जाईल. खालच्या फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटवर ताणायला लावू नका. पहिलं, दुसरं आणि करंगळी अशी तीनच वापरून तीन फ्रेट धरायचे, अनामिका करंगळीला आधार देते. कॉन्ट्राबासवाले पिढ्यान्‌पिढ्या असंच शिकत आलेत.

हातवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गिटारवादक अधूनमधून येतात. मुलीसाठी आणि मोठ्यांसाठीही: दोन्ही मनगटं शक्य तितकी सरळ. पट्टा इतका लांब सोडला की गिटार मांडीवर येते, तर डावं मनगट काटकोनात वाकतं आणि तिथूनच दुखणं सुरू होतं. बसून वाजवताना गिटार जिथे असते, उभं राहिल्यावर साधारण तिथेच असावी असा पट्टा बांधा. उजवा हात गिटारच्या कडेवर टेकून दाबला जात असेल तर तेही टाळा. दुखणं आणि थकवा यांत फरक आहे. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर त्या दिवशी वाजवणं बंद, आणि पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

सोलापुरी खर्ज

उशिरा आलो. आमच्या नव्या गायकाची पट्टी काळी दोन आहे. सगळ्यात खाली षड्ज मिळतच नाही, मोकळ्या जाड तारेच्याही अर्धा सूर खाली जातो. पाचतारी घ्यावी लागेल का?

पेटीवाली

काळी दोन म्हणजे डी शार्प. ए तारेवर सहाव्या फ्रेटला षड्ज, खालचा पंचम जाड तारेवर सहाव्यालाच. तिथून सुरुवात करा, बरीचशी गाणी तेवढ्यात निघतात.

चारतारी, पुणे

पाचतारी लगेच नको. पाचव्या तारेचा सर्वात खालचा सूर 31 हर्ट्झचा, तुमच्या हॉलचे स्पीकर तो देतील का ते आधी बघा. खर्ज षड्ज हवाच असेल तर चौथी, म्हणजे जाड, तार अर्धा सूर उतरवून डी शार्पला लावा. मग मोकळ्या तारेवर षड्ज मिळतो. फक्त त्या तारेवरचं सगळं एक फ्रेट पुढे सरकतं, खालचा पंचम सहाव्याऐवजी सातव्यावर येतो. तार सैल पडून फडफडायला लागली तर 105 ऐवजी 110 ची (जाडी, हजारांश इंचात) तार घ्या, नटच्या खाचेत नीट बसते का ते तपासून. आणि बदलल्यावर रिलीफ पुन्हा मोजा.

सोलापुरी खर्ज

आज संध्याकाळी तालमीला उतरवून बघतो. 110 ची सुटी तार इथे मिळते का ते उद्या कळवतो.